रांगेचे गणित



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘रांग’ आहे, हे ऐकून काहींना हसू आले असेल तर त्यात नवल नाही. रांगेत उभे राहणे ही काही कोणाकडून शिकण्याची विद्या नव्हे. रेशनचे दुकान, रेल्वेची तिकीटखिडकी, बँक, सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग अशा अनेक गुरुकुलांत ती आपण सर्वांनी आत्मसात केलेली आहे. तथापि ज्या गोष्टीत आयुष्याचे एवढे तास जातात, तिच्याविषयी आपण फारसा विचार करीत नाही. विचार करतो तो इतकाच, की खिडकीपलीकडचा माणूस कामचुकार आहे, नाहीतर देशाची लोकसंख्या बेसुमार वाढली आहे. ही दोन्ही निदाने बहुधा अपुरी असतात. कारकून चपळ असूनही आणि माणसे बेताची असूनही रांग लागू शकते, किंबहुना लागतेच. ती का लागते याचे एक शास्त्र आहे आणि त्याला आता शंभरांहून अधिक वर्षे झाली आहेत.

मी गणिती नव्हे. मराठी भाषेचा विद्यार्थी आणि व्यवसायाने अनुवादक. त्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते प्रथम शब्दांच्या वाटेने. इंग्रजीत या शास्त्राला ‘क्यूइंग थिअरी’ म्हणतात. आपण ‘रांगशास्त्र’ म्हणू. एका ‘क्यू’साठी मराठीत किती शब्द आहेत पाहा: रांग, ओळ, पाळी, नंबर. पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाला लागते ती दर्शनबारी. आपण रांगेत ‘उभे राहतो’, पण नंबर ‘लावतो’. आणि तो लावायला माणूस लागतोच असे नाही, सार्वजनिक नळावर हंडा-कळशीसुद्धा मालकिणीचा नंबर धरून बसते. आणि थांबण्याच्या छटा तर विचारूच नका. वाट पाहणे वेगळे, तिष्ठणे वेगळे, खोळंबणे वेगळे आणि ताटकळणे त्याहून वेगळे. भाषेने केलेला हा भेद शास्त्रालाही मान्य आहे. नंबर हा क्रमाचा प्रश्न आहे, ताटकळणे हा काळाचा. पूर्वी बँकेत पितळी टोकन हाती देऊन बाकावर बसवीत, तेव्हा या दोहोंची फारकत केलेली असे: नंबर टोकनाकडे आणि पाय मोकळे.

शास्त्राचा आरंभ झाला तो डेन्मार्कमध्ये. आग्नेर क्रारुप एर्लांग हा गणिती १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस लागला. कंपनीपुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. शहरातील सर्व ग्राहक एकाच क्षणी बोलू लागतील इतक्या तारा आणि इतक्या ऑपरेटर ठेवणे परवडणारे नव्हते. फार थोड्या ठेवल्या तर ग्राहक खोळंबणार. मग किती ठेवाव्यात? एर्लांगने १९०९ साली दाखवून दिले की, टेलिफोनची मागणी पूर्णतः यदृच्छेने येत असली तरी त्या यदृच्छेलाही नियम आहे. अमुक वेळात शून्य, एक, दोन वा दहा हाका येण्याची संभाव्यता मांडता येते. १९१७ च्या निबंधात त्याने किती ग्राहकांना थांबावे लागेल आणि किती वेळ, याची सूत्रे दिली. ती आजही वापरात आहेत. हा गृहस्थ नुसता टेबलाशी बसणारा नव्हता. मोजमापे घेण्यासाठी तो कोपनहेगनच्या रस्त्यांतून हिंडत असे आणि भूमिगत कोठड्यांत उतरण्यासाठी शिडी घेतलेला एक कामगार त्याच्या मागोमाग चालत असे. १९२९ साली त्याचे निधन झाले. पुढे टेलिफोन-वाहतुकीच्या एककालाच ‘एर्लांग’ हे नाव मिळाले. आपल्याकडेही या विषयाची परंपरा आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात अध्यापन केलेले नरहरी उमानाथ प्रभू यांचा ग्रंथ १९६५ साली आणि गुवाहाटीचे ज्योतिप्रसाद मेधी यांचा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला, आणि दोन्ही जगभर अभ्यासले गेले.

आता मुद्द्याकडे वळू. एक खिडकी आहे. तेथील कारकुनाला एका माणसाचे काम उरकण्यास सरासरी तीन मिनिटे लागतात. म्हणजे तासाला वीस माणसे होऊ शकतात. येतात मात्र तासाला अठराच. व्यवहारी माणूस म्हणेल, वीसांची सोय असताना अठरा आल्यावर रांग लागण्याचे कारणच काय? आणि माणसे बरोबर तीन मिनिटे वीस सेकंदांच्या अंतराने आली, प्रत्येकाचे काम बरोबर तीन मिनिटांत झाले, तर खरोखरच कोणालाही क्षणभर थांबावे लागणार नाही. परंतु माणसे अशी येत नाहीत. कधी दहा मिनिटे कोणी फिरकत नाही, कधी पाच जण एकदम येतात. एकाचा अर्ज मिनिटात होतो, दुसऱ्याच्या अर्जावर सही राहिलेली असते. जी दहा मिनिटे कारकून रिकामा बसला ती त्याला डब्यात भरून ठेवता येत नाहीत आणि नंतर पाच जण आल्यावर काढून वापरता येत नाहीत. रिकामा गेलेला काळ कायमचा गेला. साचलेली माणसे मात्र साचून राहतात. रांगेचे मूळ गर्दीत नसून या अनियमितपणात आहे.

हा अनियमितपणा किती महाग पडतो, ते आकड्यांत पाहू. येणे आणि काम होणे या दोन्ही गोष्टी पूर्णपणे यादृच्छिक मानल्या, तर आपल्या या खिडकीशी पोहोचेपर्यंत सरासरी किती थांबावे लागेल? तासाला दहा माणसे येत असतील तर तीन मिनिटे. सोळा येत असतील तर बारा मिनिटे. अठरा आली तर सत्तावीस. आणि एकोणीस आली तर सत्तावन्न मिनिटे! दहाच्या जागी सोळा आल्याने नऊ मिनिटे वाढली. अठराच्या जागी एकोणीस, म्हणजे एकच माणूस वाढल्याने तीस मिनिटे वाढली. वीस झाली की सरासरी असे काही उरतच नाही. रांग वाढत जाते. अर्थात कचेरी संध्याकाळी बंद होते आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी होते, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. पण चढण अशीच उभी असते. कालपर्यंत ठीक चाललेल्या खिडकीपुढे आज एकाएकी रस्त्यापर्यंत रांग का गेली, याचे उत्तर बहुधा या चढणीत असते. कालही ती खिडकी काठोकाठ भरलेलीच होती, दिसत नव्हते इतकेच.

येथे एक अवघड प्रश्न येतो आणि मला वाटते, सगळ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. तासाला सोळा माणसे येतात तेव्हा कारकून तासातील बारा मिनिटे रिकामा असतो. एकोणीस येतात तेव्हा तीनच मिनिटे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला पहिली खिडकी उधळपट्टीची वाटेल आणि दुसरी कार्यक्षम. पण खिडकीच्या अलीकडचा हिशेब कोणी मांडला आहे का? पहिल्या खिडकीपुढे दर तासाला लोकांचे मिळून सुमारे तीन तास खर्ची पडतात, दुसरीपुढे अठरा. तीन माणसांचे काम अधिक झाले हे खरे. पण कारकुनाची नऊ मिनिटे वाचवण्यासाठी लोकांचे पंधरा तास गेले. कारकुनाच्या वेळेचा पगार हिशेबवहीत लागतो, लोकांच्या वेळेला वहीच नाही. म्हणून रिकामी खिडकी दिसली की ती बंद करण्याचा मोह होतो. ती थोडा वेळ रिकामी असते, म्हणूनच रांग आवाक्यात असते.

यावर नुसता माणूसबळ वाढवणे हाच उपाय आहे असे मात्र नाही. समजा, अशा दोन खिडक्या आहेत आणि प्रत्येकीपुढे तासाला अठरा माणसांची वेगळी रांग आहे. थांबण्याचा काळ सत्तावीस मिनिटे. आता एकही कारकून न वाढवता दोन्ही रांगांची एकच रांग करा. जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढचा माणूस जाईल. तोच काळ तेरा मिनिटांच्याही आत येतो. चार खिडक्यांची एक रांग केली तर सहा मिनिटांच्या आत. कारण उघड आहे. वेगळ्या रांगा असताना एका खिडकीपुढे दहा जण ताटकळत आहेत आणि शेजारची रिकामी आहे, असे घडू शकते; एका रांगेत ते घडूच शकत नाही. शिवाय ‘आपण ज्या रांगेत उभे राहतो तीच नेमकी अडते’ हे दुःखही नाहीसे होते. ते दुःख काही नशिबाचे नव्हे. तीन रांगांपैकी आपली सर्वांत वेगाने सरकण्याची शक्यता मुळातच तीनात एक. उरलेल्या दोन वेळा शेजाऱ्याचा हेवा वाटणारच.

भारतीय रेल्वेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. आरक्षणाची नोंद जाडजूड वह्यांत होत असे, तेव्हा ठराविक गाड्यांसाठी ठराविक खिडक्या असत. कारण वही एका वेळी एकाच टेबलावर असू शकते. मद्रासच्या गाडीच्या खिडकीपुढे गर्दी आणि शेजारी शुकशुकाट, तरी शेजारचा कारकून मदत करू शकत नसे. १९८५ साली दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ झाला आणि नंतर इतर महानगरांत ते पसरले. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. लोकांनी या सुधारणेचे श्रेय यंत्राच्या वेगाला दिले. माझ्या मते त्यातील मोठा वाटा वही सर्वांची झाली याचा होता. यंत्राने सर्व खिडक्यांची मिळून एक खिडकी केली.

एकत्र रांग हा रामबाण उपाय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मिनिटभराची आणि पंधरा मिनिटांची कामे एकाच रांगेत आली तर पोस्टकार्ड घेणाऱ्याला मनीऑर्डरींच्या गठ्ठ्यामागे उभे राहावे लागते. तेथे छोट्या कामांची खिडकी निराळी केलेली बरी. कामाला लागणाऱ्या वेळेतला चढउतार जितका कमी, तितकी रांग लहान. आपल्या उदाहरणातील अठरा माणसांचे काम बरोबर तीन-तीन मिनिटांत होऊ लागले, तर सत्तावीस मिनिटांची निम्मी होतात. म्हणून खिडकीवर ‘अर्ज पूर्ण भरून आणावा’ ही पाटी असते ती उर्मटपणाची नसते. मात्र ती रांगेच्या शेवटच्या टोकाला, सर्वांना दिसेल अशी लावायला हवी. खिडकीच्या काचेवर लावून उपयोग नाही.

जाता जाता एक सोपे सूत्र सांगतो, ते आपल्या ग्रंथालयालाही उपयोगी पडेल. जॉन लिट्ल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली ते सिद्ध केले. एखाद्या ठिकाणी सरासरी जितकी माणसे असतात, ती संख्या येण्याचा दर आणि प्रत्येकाचा तेथे जाणारा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. बाह्यरुग्ण विभागात केव्हाही पाहिले तरी सुमारे एकशेवीस माणसे दिसतात आणि तासाला चाळीस येतात, तर प्रत्येकाचे सरासरी तीन तास जात आहेत. त्यासाठी कोणाच्या हाती घड्याळ देऊन उभे करण्याची गरज नाही. ग्रंथालयातून रोज दोनशे पुस्तके जात असतील आणि कोणत्याही दिवशी तीन हजार बाहेर असतील, तर एक पुस्तक वाचकाकडे सरासरी पंधरा दिवस राहते. नियम कितीही दिवसांचा असो!

आता न्यायाविषयी थोडेसे. रांग मोडून घोळका झाला, किंवा वशिल्याने कोणी पुढे घुसला, तर काय बिघडते? एकूण सरासरी फारशी बिघडत नाही. जितके एकाचे वाचते तितके इतरांच्या अंगावर पडते. बिघडते ते वाटप. इंग्लंडच्या किंगमन या गणितज्ञाने १९६२ साली दाखवले की, ‘आधी येईल त्याचे आधी’ या क्रमाने थांबण्याच्या काळातील विषमता सर्वांत कमी राहते. घोळक्यात दांडगा माणूस दोन मिनिटांत सुटतो आणि म्हातारी दोन तास उभी राहते. सरासरी काढणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच दिसते.

शास्त्राच्या मर्यादेबाहेरच्याही रांगा असतात. १९८० च्या दशकात आपल्या देशात टेलिफोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. स्कूटरचीही तीच कथा होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली आणि पुढील काही आठवडे बँकांपुढे व एटीएमपुढे रांगा लागल्या. या रांगा यदृच्छेच्या नव्हेत, टंचाईच्या. तेथे खिडक्या एकत्र करून वा वाढवून भागत नाही. खिडकीमागे वस्तूच कमी असते. रेल्वेचे तत्काळ आरक्षण सकाळी ठरल्या मिनिटाला उघडते, तेव्हा घराघरांत लोक मोबाइल हातात घेऊन बसलेले असतात. तीही रांगच, फक्त पुढच्याची पाठ दिसत नाही. टंचाईच्या रांगेवर रांगशास्त्राचा उपाय सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीची शिस्त शिकवणे होय. कोणती रांग कोणत्या जातीची, हे आधी ओळखले पाहिजे.

शेवटी रुग्णालयाकडे येतो, कारण तेथे थांबणारा माणूस आजारी असतो, आणि पुष्कळदा त्याची किंवा त्याला घेऊन येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५२ साली बाह्यरुग्ण विभागातील रांगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक रुग्णाला तपासण्यास किती वेळ लागतो याच्या नोंदी घेऊन त्याने कागदावर काल्पनिक रांगा रचल्या आणि निरनिराळ्या वेळापत्रकांनी काय घडते ते पाहिले. त्याचा निष्कर्ष साधा होता. प्रारंभी दोन रुग्णांना बोलवावे आणि त्यानंतर तपासणीच्या सरासरी वेळेइतक्या अंतराने एकेकाला. तपासणीला पाच मिनिटे लागत असतील तर नऊ वाजता दोघे, मग नऊ वाजून पाच मिनिटांनी एक, दहा मिनिटांनी एक, याप्रमाणे. तो दुसरा रुग्ण म्हणजे डॉक्टर रिकामे बसू नयेत यासाठी ठेवलेली शिल्लक. एवढी शिल्लक बहुतांशी पुरते.

याच्या शेजारी आपली परिचित पद्धत ठेवून पाहा. साठ रुग्णांना आठ वाजता बोलावले, डॉक्टर नऊ वाजता आले आणि प्रत्येकी तीन मिनिटे दिली. बारा वाजता काम संपले. डॉक्टरांचा एक क्षणही वाया गेला नाही. रुग्णांचे मात्र सरासरी अडीच तास गेले, साठ जणांचे मिळून जवळजवळ दीडशे. दुसऱ्या रुग्णाची शिल्लक पुरत असता येथे साठांची शिल्लक ठेवली आहे. डॉक्टरांचा वेळ मोलाचा आहे, याविषयी वाद नाही. सरकारी रुग्णालयात तर त्यांच्यावरचा भार अमानुष असतो. पण डॉक्टरांची दहा मिनिटे आणि रुग्णांचे दीडशे तास यांचा काहीतरी विनिमयदर असला पाहिजे, आणि तो शून्य धरला गेला आहे असे कोणी कधी उघडपणे ठरवलेले नसते. ते आपोआप ठरते.

यावर आक्षेप येतो तो असा की, हे इंग्लंडात ठीक. आमचा रुग्ण खेड्यातून पहिल्या एसटीने येतो, त्याला नऊ वाजून पाच मिनिटांची वेळ काय सांगणार? आक्षेप खरा आहे. एसटीतून तीस माणसे एकदम उतरतात आणि केसपेपरच्या खिडकीवर एकदमच येतात, तेथे वेळापत्रक कोलमडते. केंद्र सरकारने २०१५ साली ऑनलाइन नोंदणीची सोय सुरू केली, तिने अनेक रुग्णालयांतील पहिली रांग हलकी केली असेल. पण केसपेपर, डॉक्टर, रक्ततपासणी आणि औषधे या चार रांगा एकापुढे एक असतात. पहिली आखडली की माणसे दुसरीपाशी लवकर पोहोचतात आणि तेथे अधिक थांबतात. सर्वांत अरुंद खिडकी जोवर रुंद होत नाही, तोवर एकूण काळ फारसा कमी होत नाही.

तथापि सगळेच रुग्ण नवे नसतात. रक्तदाब, मधुमेह, क्षय यांचे रुग्ण महिन्याच्या महिन्याला येतात. ते कोणत्या दिवशी येणार हे रुग्णालयानेच ठरवलेले असते, आणि त्यांचा मुक्काम बहुधा जवळपासचा असला तर पहिली एसटी गाठण्याचीही त्यांना गरज नसते. त्यांना नऊ ते दहा, दहा ते अकरा, अकरा ते बारा असे तीन गट करून बोलावता येईल, आणि सकाळचा पहिला भर लांबून येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवता येईल. मिनिटांचा काटेकोरपणा येथे नकोच, तासांचा पुरे. मी पाहिलेल्या केसपेपरांवर पुढील भेटीची तारीख लिहिण्यासाठी रेघ छापलेली असते. वेळेसाठी तिच्याशेजारी आणखी एक रेघ मावेल एवढी जागा कागदावर आहे.